पान अठ्ठावन्नवरचा खोकला

मंगळवारी तिसऱ्या तासाला बिल्याना वाचत होती आणि नेव्याना राडकोवा खिडकीशी उभी राहून ऐकत होती. ऐकत होती म्हणजे काय, डोळे मिटून सुख घेत होती. चोवीस पोरांच्या पहिलीच्या वर्गात ही एकच मुलगी अशी, की तिचं वाचन सुरू झालं की मागच्या बाकांवरचे पेन्सिली कुरतडणारेही थांबत. बाकीची पोरं अक्षरांवरून ठेचकाळत जायची, ही सरळ चालायची. योग्य जागी थांबायची, प्रश्न आला की आवाज चढवायची. अठ्ठावन्नाव्या पानावर तर "पोतं भरलं" म्हणायच्या आधी एक बारीकसा खोकला, मोठ्या माणसासारखा, मूठ तोंडाशी नेऊन. काल तिथेच, आजही तिथेच. "आजोबा गिरणीवर गेले. गिरणी पाण्यावर फिरते. गाढव दारात उभं आहे." खोकला. "पोतं भरलं." कुठून आणते ही पोरगी एवढी समज, असं मनाशी म्हणत नेव्याना बाकांमधून तिच्याजवळ गेली, नुसतं पाठीचं पोक सरळ करावं म्हणून. हात पाठीवर ठेवला आणि नजर पुस्तकावर गेली. पुस्तकात गिरणी नव्हती. गाढव नव्हतं. जॅमने चिकटलेली दोन पानं एकदम उलटली गेली होती आणि समोर पान साठ होतं. निळा समुद्र, त्यात होडी, होडीत पट्ट्यापट्ट्यांचा बनियन घातलेला नावाडी. त्या समुद्राखालच्या ओळींवरून बिल्यानाचं बोट डावीकडून उजवीकडे शिस्तीत सरकत होतं आणि तोंड म्हणत होतं, "पीठ पांढरंशुभ्र आहे. आजी पाव भाजेल."

"शाब्बास," नेव्याना म्हणाली. तोंडातून गेलंच ते, एकतीस वर्षांच्या सवयीने. मग ती टेबलापाशी येऊन बसली आणि पुढच्या मुलाला तिने खुणेनेच उठवलं. तो "गि... गि..." करत झटत राहिला, ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला पहिल्यांदा नीट कळलं. आग कुणावर? त्या सात वर्षांच्या पोरीवर. हे कबूल करायला हवं. पहिला राग पोरीचाच आला. सात महिने! सात महिने या एवढ्याशा जिवाने माझ्या डोळ्यांत धूळ फेकली. मी हिला तपासणीला आलेल्या साहेबांपुढे उभी केली, बाकीच्यांना म्हटलं, बघा, असं वाचायचं असतं. शिक्षकांच्या खोलीत हिच्या नावाने मिरवले. फसवलं मला पोरीने. हे शेवटचं वाक्य मनात आलं आणि नेव्याना दचकली, कारण ते तिचं नव्हतंच. ते तिने दुसऱ्या एका तोंडून ऐकलेलं होतं, त्रेचाळीस वर्षांपूर्वी, याच रूसे शहरात, नदीकाठच्या शाळेत, डॉक्टरच्या खोलीच्या दाराबाहेर हातात भावाची टोपी घेऊन उभी असताना. "फसवलं मला या पोराने," असं भावाच्या वर्गाच्या बाई, तेव्हा त्यांना कॉम्रेड बाई म्हणायचं, आत कुणाला तरी सांगत होत्या, आणि आवाज असा, जणू पोराने त्यांचं पाकीट मारलं होतं.

शाळा सुटल्यावर तिने बिल्यानाला थांबवून घेतलं. फळ्यावर एक शब्द लिहिला, साबण. पुस्तकात कुठेही नसलेला. "वाच बघू." बिल्यानाने दप्तराचा पट्टा चावला. ती फळ्याकडे बघतच नव्हती, नेव्यानाच्या ओठांकडे बघत होती. आणि नेव्यानाला जाणवलं, की आपले ओठ फाकलेत, दात दिसायला लागलेत, आपण सा म्हणायला निघालो आहोत. पोरगी लगेच म्हणाली, "सा...!" आणि पुढच्याची वाट बघत थांबली, कटोरा पुढे केल्यासारखी. म्हणजे मी. मीच. एकतीस वर्षं प्रत्येक पोरापुढे मी अशीच ओठ हलवत उभी आहे, आणि पोरं फळा वाचत नाहीत, मला वाचतात. नेव्यानाने हात तोंडावर ठेवला. बिल्याना रडवेली झाली. शिक्षा झाली असं तिला वाटलं असावं. "अक्षरं येतात मला," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. हे कोणतं, ते कोणतं, त्यांच्या लिपीतली सगळी तीस अक्षरं तिने एकेक करून ओळखली, गल्लीतल्या माणसांना ओळखावं तशी. फक्त ती माणसं एकमेकांशी बोलतात हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला कधी गरजच पडली नव्हती.

पेना आजी न्यायला आली होती. बिल्यानाची आजी, आईची आई, हातात कागदात गुंडाळलेली, पापुद्र्यांत चीज भरून भाजलेली बानित्सा, बोटं तेलकट. नेव्यानाने विचारायचा अवकाश, म्हातारी फुलून आली. "अहो बाई, तिची आई सेवदा हुशार! ऑक्टोबरात स्पेनला जायच्या आधी बसली एक दिवस स्वयंपाकघरात आणि सगळं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझ्या फोनमधे वाचून ठेवलं. सर्दी झालेली, घसा बसलेला, तरी उठली नाही. म्हणाली, आई, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, पोरीला वाचून कोण दाखवणार? तेव्हापासून रोज एक पान. तुम्ही म्हणताच ना, घरी वाचून वाचून पान पाण्यासारखं वाहायला पाहिजे? एक दिवस खाडा नाही हो! हिला आईचा आवाज ऐकल्याशिवाय घास उतरत नाही." मग म्हातारीने फोन काढून लावलाच. भांड्यांचा आवाज, मिरच्या परतल्याचा चुरचुराट, आणि एका दमलेल्या तरुण बाईचा आवाज: "गाढव दारात उभं आहे." खोकला. "पोतं भरलं." बिल्यानाचे ओठ आवाजाबरोबर हलत होते. मूठ तोंडाशी गेली ती अगदी वेळेवर. "शुक्रवारच्या अक्षरांच्या सणाला येतीये सेवदा," पेना आजी म्हणाली. "ज्या म्हातारीला सांभाळते ना तिथे, तिच्या पोरीच्या पाया पडून तीन दिवस सुटी काढलीये. लेकीचं वाचन ऐकायला. तुम्ही किती केलंत बाई आमच्या पोरीसाठी." नेव्यानाने बिल्यानाचं दप्तर उचलून म्हातारीच्या हातात दिलं. बोलली असती तर त्या भाबड्या म्हातारीच्या अंगावर ओरडली असती, आणि म्हातारीने काय केलं होतं? सांगितलं तेवढं केलं होतं. पान पाण्यासारखं वाहवलं होतं.

घरी जाताना ट्रॉलीबसमध्ये ती जागा असूनही बसली नाही. लिंडेनच्या झाडांना वसंत आला म्हणून पोरांनी मार्चमध्ये बांधलेले लाल-पांढरे दोरे अजून लोंबत होते, पावसाने विटलेले. तिला धाकटा भाऊ झेको आठवला. आठवला म्हणजे काय, झेको काही विसरलेला नव्हता, दर रविवारी येतो तो, पण पहिलीतला झेको तिने कितीतरी वर्षं बाहेर काढला नव्हता. ती तिसरीत, तो पहिलीत. त्याच्या डोक्यात अक्षरं टिकत नसत. बाबा पट्टा काढायचे, आई एप्रनला डोळे पुसायची, आणि नऊ वर्षांच्या नेव्यानाने शक्कल काढली. रोज संध्याकाळी जिन्यात बसून ती त्याला पान वाचून दाखवायची, एकदा, दहादा, वीसदा, आणि पोपटासारखं म्हणून घ्यायची. झेकोचं पाठांतर असं, की दोनदा ऐकलं की झालं. "बोट फिरवत राहा," ती त्याला शिकवायची. "ओळ संपली की खाली आण. बाईंकडे बघू नकोस." तीच ती. पहिलं बोट तिने फिरवलं होतं. सगळं वर्ष निभावलं. कॉम्रेड बाई म्हणायच्या, पोरगा सुधारला. नेव्याना अभिमानाने फुगून जायची आणि आपण मोठेपणी मास्तरीणच व्हायचं हे तिने त्या जिन्यातच ठरवलं. दुसरीत पुस्तक जाड झालं, गोष्टी लांब झाल्या, तिसरीत ती पुरी पडेना, आणि मग एक दिवस, पोराला या शाळेत ठेवायचं की नाही ते ठरवणारी समिती आली. तीन माणसं. त्यांनी झेकोपुढे वर्तमानपत्र ठेवलं. डॉक्टरच्या खोलीच्या दाराबाहेर उभ्या नेव्यानाला आतून त्याचा आवाज आला, खणखणीत, कुठेही न अडखळणारा. वर्तमानपत्रावर बोट फिरवत तो पहिलीच्या पुस्तकातलं पान म्हणत होता. आईने बाहुली आणली. बाहुलीचं नाव मीमी. आत कुणीतरी हसलं. सोमवारी एक करड्या रंगाची बस आली आणि त्याला दूरच्या गावातल्या विशेष शाळेत घेऊन गेली, शुक्रवारी परत आणून सोडायला. सहा वर्षं. पुढे तो ट्रॉलीबसच्या आगारात गाड्या धुवायला लागला, अजून धुतो. बावन्न वर्षांचा माणूस कॅफेत पेपर उघडून बसतो, पानं बरोबर वेळाने उलटतो, आणि रविवारी नगरपालिकेची, दवाखान्याची, विजेची सगळी पाकिटं घेऊन तिच्याकडे येतो. "ताई, तू वाच गं, तुझा आवाज छान आहे." आणि ती वाचते. एकतीस वर्षं दुसऱ्यांची सातशे पोरं शिकवली आणि भावाला अजून वाचून दाखवते. त्याने कधी शिकव म्हटलं नाही, तिने कधी विचारलं नाही.

बुधवारी पहिल्या सुटीत ती मोठ्या बाईंकडे गेली. मोठ्या बाई म्हणजे स्नेझाना पाशोवा, अध्यापन विद्यालयात नेव्यानाच्याच वर्गातली, तेव्हा नेव्यानाच्या वहीतून उतरवणारी आणि आता सह्या करणारी. टेबलावर पहिलीची सगळी अक्षरं शिकून झाल्याच्या सणाची प्रशस्तिपत्रकं होती, सोनेरी काठाची, वर मोठ्या अक्षरांत छापलेलं: आता मला वाचता येतं. खाली वर्गशिक्षिकेची सही.

"बिल्यानाला वाचता येत नाही," नेव्याना म्हणाली.

"कुठली बिल्याना? आपली बिल्याना?" स्नेझाना हसली. "अगं, तिचं वाचन ऐकून साहेब म्हणाले होते, हिला टीव्हीवर पाठवा."

"तिला सगळं पुस्तक पाठ आहे. एक अक्षर वाचत नाही ती."

स्नेझानाने चष्मा काढला. मग तिने जे विचारलं त्याने नेव्यानाच्या अंगाचा तिळपापड झाला. "आणखी कुणाला सांगितलंस?"

"तेवढंच? तेवढंच विचारणार तू?"

"मग काय विचारू? शुक्रवारी उपमहापौर येतायत, वाचनालयाची माणसं येतायत, सुरुवात तिच्या वाचनाने आहे, छापून झालंय. हे बघ नेव्याना, उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. पाठ आहे ना? मग म्हणू दे की. ऐकणाऱ्याला काय कळतंय?"

"आणि नंतर?"

"नंतर दुसरी. तिसरीपर्यंत कुणाला मागे ठेवता येत नाही, तुलाही माहितेय. दुसरीच्या वर्गात जाऊन बघ, अशी किती बसलीयेत."

"आणि चौथीत?"

"चौथीत चौथीच्या बाई बघतील. तू तेव्हा पेन्शनवर असशील, सुखाने झोप." स्नेझानाने प्रशस्तिपत्रकांचा गठ्ठा तिच्याकडे सरकवला. "आणि खरं सांगू? सात महिने तुला कळलं नाही हे तू कुणाला सांगणार आहेस? साहेबांना? सांग. माझी ना नाही."

वर्मी बसलं ते. बाहेर आल्यावर नेव्याना व्हरांड्यात उभी राहिली आणि भिंतीवरच्या रंगीत तक्त्याकडे बघत राहिली. कुठल्या वर्गातलं पोर मिनिटाला किती शब्द वाचतं त्याचे तारे. सगळ्यात वर बिल्यानाचा तारा. हा तारा नेव्यानानेच चिकटवला होता, जीभ लावून. मिनिटाला किती शब्द! घड्याळ लावून आम्ही पोरांना पळवतो, आणि जो पळतो त्याला वाचता येतं म्हणतो. अडखळणाऱ्यावर खेकसतो. अरे, अडखळणारा वाचत असतो! तो गि, गि करत घाम गाळणारा मंगळवारचा पोरगा, तोच एकटा त्या वर्गात वाचत होता. आणि मी त्याच्याकडे धड बघितलंही नाही. तिने तक्ता फाडला नाही. फाडावासा वाटला. फाडला असता तर दुपारपर्यंत सगळ्या शाळेत राडकोवाला वेड लागलं म्हणून झालं असतं, आणि संध्याकाळी शिपायाने नवा लावला असता.

गुरुवारी दिवसभर ती पोरांसाठी पुठ्ठ्याचे मुकुट कापत बसली, प्रत्येकावर एक अक्षर. तीस अक्षरं, चोवीस पोरं, म्हणून सहा जणांच्या डोक्यावर दोन दोन. कात्री चालत होती आणि डोक्यात एक गोड सूड शिजत होता. सणात शेवटी वाचनालयातर्फे प्रत्येक पोराला नवीन पुस्तक मिळतं, कागदात गुंडाळलेलं. बिल्यानाचं वाचन झालं, टाळ्या झाल्या, की आपण उठायचं. तिचं नवं पुस्तक सगळ्यांसमोर सोडायचं. आता हे वाच बाळा, कुठलंही पान. बस्स. उपमहापौरांचा चेहरा, साहेबांचा चेहरा, स्नेझानाचा, विशेषतः स्नेझानाचा. सगळ्यांचं सोंग एका मिनिटात उघडं. हा विचार तिने कितीदा तरी चघळला, त्यात पुन्हा पुन्हा नवे चेहरे घातले. मग कात्री थांबली, कारण त्या चित्रात एक चेहरा तिने घातलाच नव्हता. सभागृहाच्या मधोमध नवं पुस्तक हातात घेऊन उभी असलेली पोरगी काय करेल? ती बोट ठेवेल आणि खणखणीत आवाजात म्हणेल, आजोबा गिरणीवर गेले. आणि कुणीतरी हसेल. म्हणजे समिती मीच. नेव्यानाने मुकुट खाली ठेवला. राग एवढा होता आणि त्याला जायला जागाच नव्हती. जिथे सोडावा तिथे तो फिरून त्या पोरीच्याच मानेवर पडत होता. सगळ्या प्रशस्तिपत्रकांवर तिने सह्या केल्या. तेवीस. एक तसंच राहिलं.

शुक्रवारी सकाळी सण सुरू व्हायच्या आधी तिने बिल्यानाला पडद्यामागे घेतलं. "आज तू वाचू नकोस. गाणं म्हण."

"का?" पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी. "मम्मी आलीये. मम्मीला दाखवायचंय. मी चुकत नाही बाई, मी एकदासुद्धा चुकत नाही!"

चुकत नाही हेच तर. एकदा तरी चुकली असती. नेव्याना तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली होती, तिच्या डोक्यावरचा मुकुट सरळ करत होती, आणि तेवढ्यात स्नेझाना हसऱ्या चेहऱ्याने आत आली, बिल्यानाचा हात धरला आणि तिला पडद्याबाहेर घेऊन गेली. "चल गं माझी राणी." नेव्यानाने थांबवलं नाही. हेही तिने पुढे कधी नाकारलं नाही. हात धरता आला असता, धरला नाही.

सभागृहात फोन उंचावलेले, फुगे, घामाचा आणि सेंटचा वास. पहिल्या रांगेत पेना आजी, तिच्या शेजारी एक हडकुळी बाई, डोळ्यांखाली काळं, विमानातल्याच कपड्यांवर, हातात रुमालाचा बोळा. सेवदा. बिल्यानाने पुस्तक उघडलं. आवाज सगळ्या सभागृहावर गेला. "आजोबा गिरणीवर गेले. गिरणी पाण्यावर फिरते." लोक एकमेकांकडे बघून माना डोलवायला लागले. सेवदाचा चेहरा असा उजळला होता, की नेव्यानाला तिकडे बघवेना, तरी ती बघत होती. "गाढव दारात उभं आहे." मूठ तोंडाशी गेली. खोकला.

सेवदा हसतच होती, पण ते हसू होतं तिथे अडकलं. तिने मान किंचित तिरकी केली. स्वतःच्या घरचं भांडं शेजाऱ्याकडे दिसावं तशी ती ऐकायला लागली. "पोतं भरलं. पीठ पांढरंशुभ्र आहे." आणि इथे बिल्याना थांबली, एक लांबलचक थांबा, सभागृह श्वास धरून. वाचनातली केवढी जाण, असं नेव्यानाला या थांब्याबद्दल नेहमी वाटत आलं होतं. तो थांबा म्हणजे ऑक्टोबरातल्या एका दुपारी सेवदाने मिरच्या उलटायला घेतलेला वेळ होता. सेवदाच्या हाताने हवेतच काहीतरी उलटलं. हात तसाच राहिला, मग हळूच तोंडावर गेला. "आजी पाव भाजेल," बिल्यानाने संपवलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. उपमहापौर उठून टाळ्या वाजवत होते. सगळ्या सभागृहात दोनच बायका टाळ्या वाजवत नव्हत्या, आणि त्या एकमेकींकडे बघत होत्या.

बाकीचं आटोपल्यावर सेवदा वर्गात आली, बिल्यानाला हाताला धरून, जवळजवळ ओढतच. दार लावलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

"आणि तरी तिला उभी केलीत? सगळ्या गावासमोर?"

"हो."

"मी तिकडे लोकांच्या म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलते," सेवदाचा आवाज चिरकला. "मनाशी म्हणते, जाऊ दे, पोरगी शिकतेय. सात महिने! सात महिने काय करत होता तुम्ही इथे बसून?"

"ऐकत होते," नेव्याना म्हणाली. "फार छान वाचता तुम्ही."

थोबाडीत मारल्यासारखी सेवदा मागे सरली. नेव्यानाला बरं वाटलं आणि लगेच लाज वाटली, दोन्ही एका श्वासात. या बाईने सर्दीने बसलेल्या घशाने पोरीसाठी आपला आवाज मागे ठेवला होता. त्यात तिचा काय गुन्हा? नऊ वर्षांच्या पोरीने जिन्यात बसून भावाला वाचवलं, त्यात तरी काय गुन्हा होता? सगळ्यांनी मायाच केली होती. आजीने, आईने, बहिणीने, बाईने. मायेने पोराचा गळा धरला होता सगळ्यांनी. तिने टेबलाच्या खणातून बिनसहीचं प्रशस्तिपत्रक काढून सेवदापुढे ठेवलं. "यावर मी सही केलेली नाही. ज्या दिवशी हे खरं होईल त्या दिवशी करीन. सोमवारपासून रोज शाळा सुटल्यावर एक तास, माझ्याकडे. फोन घरी ठेवायचा. पानं पाठ करायची नाहीत, बंद. मोठ्या बाईंना मी सांगते, साहेबांनाही मीच सांगते, माझं नाव घेऊन."

"आता सांगून काय?" सेवदा म्हणाली. "रविवारी माझं विमान आहे."

"मग आत्ता बसा."

पहिलीच्या बुटक्या खुर्चीत सेवदा गुडघे पोटाशी घेऊन बसली. बिल्याना बाकाशी, डोक्यावर अजून मुकुट, काय बिनसलंय ते तिला कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की वाचून झालं तरी कुणी खूश नाही. नेव्यानाने खडू घेतला. पुस्तकात नसलेला, फोनमध्ये नसलेला, कुणी अंदाजाने सांगू शकणार नाही असा शब्द हवा होता. हाताने आपोआप लिहिला. चार अक्षरं, त्यांच्या लिपीत स्वरही सुटं अक्षर होऊन येतो. मग तिने खुर्ची ओढली, फळ्याकडे तोंड केलं आणि पोरीकडे पाठ. तिच्या ओठांवरून आता कुणालाही काही वाचता येणार नव्हतं.

"वाच."

बाहेर पटांगणात कुणीतरी फुगे फोडत होतं. बिल्यानाची चुळबुळ ऐकू आली, मग हुंदका, मग गिळलेला हुंदका. किती वेळ गेला कुणास ठाऊक. नेव्यानाला आपली जीभ दातांमागे जाऊन टेकलेली जाणवली, ती तिने चावून धरली. मागून सेवदाचा आवाज, कुजबुजता, मऊ: "झ... झे..."

"गप्प बसा!" नेव्याना ओरडली. वळली नाही. एवढ्या मोठ्याने ती त्या वर्गात कधी ओरडली नव्हती. खिडकीच्या काचा थरथरल्या असतील. "गप्प बसा एकदा सगळ्या! मारून टाकता का तिला? पडू दे, आपटू दे, पण तिचं तिला म्हणू दे!" सेवदाला उद्देशून होतं ते, आणि जिन्यातल्या त्या शहाण्या पोरीलाही. तिने हात मांड्यांखाली दाबून धरले.

मग बाकाची फळी करकरली. पावलं फळ्याजवळ आली. बिल्याना नेव्यानाच्या खांद्याशी उभी राहून फळ्याकडे बघत होती, पहिल्यांदाच फळ्याकडे. तिने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. "झ्," ती म्हणाली. आवाज तिचा होता, जाडाभरडा, लहान, कुणाकडूनच न घेतलेला. बोट सरकलं. "ए." खूप वेळ. "क्." कपाळावर घाम. मुकुट घसरून डोळ्यांवर आला, तिने तो मागे ढकलला. "ओ." आणि मग पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा, दोनदा चुकली, एकदा मधलंच गाळलं, पायाने जमिनीवर थाप मारली, चिडली. कुणी काही बोललं नाही.

"झे. को." बोट थांबलं. "झेको." तिने वळून नेव्यानाकडे बघितलं, संशयाने, यात काहीतरी फसवणूक असावी तशी. "झेको कोण?"

"माझा भाऊ."

"कितवीत आहे?"

"मोठा आहे तो. ट्रॉलीबस धुतो." पुढचं वाक्य तिने आजवर कुठल्याही माणसापुढे उच्चारलं नव्हतं. "त्याला वाचता येत नाही."

बिल्यानाने शब्दाकडे बघितलं, मग मागे बुटक्या खुर्चीत बसलेल्या आईकडे. जरा विचार केला.

"मग त्याला पण कुणी वाचून दाखवतं?"

"हो," नेव्याना म्हणाली. "मीच."